टिंब कुठं द्यायचं?

बोर्डी-घोलवडच्या रस्त्यावर चिकू घ्यायला थांबलात, तर एकदा चिकूंवरून नजर काढून काट्याकडे बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याला तीन खिडक्या असतात. एकीत वजन, दुसरीत दर, तिसरीत रक्कम. समजा वजन दिसलं २.०५०, दर ४०.००, तर तिसऱ्या खिडकीत क्षणात ८२.०० उमटतं. विकणारी बाई ‘ब्याऐंशी’ म्हणते, आपण ‘ऐंशी घ्या की’ म्हणतो, आणि दशांश अपूर्णांकांचा एक अख्खा गुणाकार आपल्या नाकाखालून निघून जातो.

आता काट्याची बॅटरी उतरली असं समजू. साधा तराजू आला, वजनं आली. माल भरला दोन किलो पन्नास ग्रॅम. तोंडाने आपण ‘दोन किलो पन्नास’ म्हणतो आणि कागदावर सहज २.५० लिहितो. चाळिसाने गुणलं, शंभर झाले. गुणाकारात काडीची चूक नाही, तरी गिऱ्हाइकाला अठरा रुपयांचा फटका. पन्नास ग्रॅम म्हणजे किलोचे पन्नास सहस्रांश, ०.०५०. टिंबानंतरचं ते बिनकामाचं वाटणारं शून्यच खरं काम करत असतं.

डहाणूच्या बंदरावर हा प्रश्न येत नाही. तिथे बोंबील, मांदेली वाट्याने विकतात. वाटा पन्नासचा, वाटा शंभरचा. घासाघीस वाट्यात दोन बोंबील वाढवून घेण्यासाठी. दशांशाला तिथे जागाच नाही. जागा आहे ती वजनात, मजुरीत आणि सगळ्यात जास्त जमिनीत. डहाणू-तलासरीत जमिनीचा विषय निघाला की माणसं सावरून बसतात, म्हणून हा गुणाकारही आपण जमिनीवरच शिकू.

शाळेत आपल्याला शिकवलेला नियम असा: टिंबं विसरा, पूर्णांकांसारखा गुणाकार करा, मग गुण्य आणि गुणक यांतली दशांश स्थळं मोजून बेरीज करा आणि उत्तरात उजवीकडून तितकी स्थळं सोडून टिंब द्या. नियम चोख आहे. माझी तक्रार त्याच्या क्रमाबद्दल आहे. तो पहिल्याच तासाला फळ्यावर येतो आणि ‘का?’ हा प्रश्न वर्गाबाहेरच राहतो. मग सहा महिन्यांनी मूल नियमाचे तुकडे आठवतं. बेरजेत टिंबाखाली टिंब लिहायचं असतं, ते गुणाकारात आणतं, आणि १.२ × ०.३ चं उत्तर ३.६ लिहून मोकळं होतं. १.२ चा तिसरा हिस्सासुद्धा धड न घेता ३.६ कुठून आले, हे विचारायची सवय त्याला कुणी लावलेली नसते.

सातबारा उघडा. क्षेत्राच्या रकान्यात हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात, मधे दोन टिंबं देऊन. ०.१२.०० म्हणजे शून्य हेक्टर बारा आर. एक हेक्टर म्हणजे शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद असा चौकोन. त्याचे दोन्ही बाजूंनी दहा-दहा भाग पाडले तर शंभर खाने होतात, प्रत्येक खाना दहा मीटर बाय दहा मीटर. हा एक खाना म्हणजे एक आर. गणिताच्या पुस्तकात दशांश समजावायला शंभर खान्यांचा जो चौकोन छापलेला असतो, तो महसूल खात्याने आधीच गावोगावच्या जमिनीवर आखून ठेवला आहे.

आता या हेक्टरभर चौकोनात एक वावर घ्या. लांबी एका बाजूच्या ०.४, रुंदी दुसऱ्या बाजूच्या ०.३. म्हणजे चाळीस मीटर बाय तीस मीटर. खाने मोजा: आडवे चार, उभे तीन, एकूण बारा. शंभरातले बारा, म्हणजे ०.१२ हेक्टर. चार दशांश गुणिले तीन दशांश बरोबर बारा शतांश. दहावा भाग लांबीत घेतला आणि दहावा भाग रुंदीत घेतला, म्हणून खाना शंभरावा झाला. दशांश स्थळं मोजून बेरीज करायचा नियम आला तो इथून. कुणी ०.४ × ०.३ चं उत्तर १.२ दिलं, तर त्याने एका हेक्टरच्या कुंपणात सव्वा हेक्टरच्या जवळपास जमीन बसवली. असा तलाठी मिळाला तर बघायलाच नको.

शिक्षकांना एक सुचवतो. शाळेच्या मैदानात फक्कीने दहा मीटरचा चौकोन आखा आणि मुलांना त्याच्या कडेने चालायला लावा. हा एक आर, हेक्टरचा शतांश, ०.०१. जुना गुंठा याच्याहून जेमतेम सव्वा चौरस मीटर मोठा (१०१.१७ चौरस मीटर), त्यामुळे घरी आजोबांना ‘गुंठा केवढा?’ विचारलं तरी उत्तर जुळतं. ०.०१ हा आकडा पायाखालून गेला की तो ०.१ शी गोंधळत नाही. आणि गोंधळ महागात पडतो. आठ आर म्हणजे ०.०८ हेक्टर. कुणी ‘शून्य पॉइंट आठ’ म्हणून ०.८ लिहिलं तर जमीन दहापट झाली, आणि उलट झालं तर दहावा हिस्सा उरला.

इथे एक गाठ सोडवायला हवी. गुणलं की वाढतं, असं आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं. दुप्पट, तिप्पट, दसपट, सगळी वाढच. इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ एफ्रेम फिशबाइन यांनी इटालियन सहकाऱ्यांबरोबर १९८५ मध्ये इटलीतल्या शाळकरी मुलांचा यावर अभ्यास केला. गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज, ही पहिली ओळख मुलांच्या डोक्यातून जात नाही. गुणक एकाहून लहान आला की ती बिचकतात आणि गुणायच्या जागी भागतात, असं त्यांना आढळलं. पाऊण वेळा बेरीज कशी करायची? नाहीच करता येत. म्हणून ४० × ०.७५ हे ‘चाळिसाचा पाऊण भाग’ असं वाचावं. पाऊण किलोचे पैसे काढताना कुणालाही उत्तर चाळिसाच्या आत येणार याची शंका नसते. तीच खात्री वहीत आणायची.

आपल्याकडे ही खात्री पूर्वी पाठांतरातून येत असे. पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. आजच्या भाषेत हे ०.२५, ०.५, ०.७५, १.२५, १.५, २.५ आणि ३.५ चे पाढे. टिंब नव्हतं, पण अपूर्णांकांचा गुणाकार मराठी पोरांच्या जिभेवर होता. रुपयाचे आणे सोळा, म्हणून व्यवहार पाव-अर्ध्या-पाऊणने चाले आणि ही पाठांतरं पोटापाण्याची होती. मी घोकंपट्टीचा भोक्ता नाही. पण सातवीच्या मुलाला सवायकीतला सहावा आकडा साडेसात हे ठाऊक असतं, तर १.२५ × ६ करताना त्याने ०.७५ लिहिलं नसतं.

या अडीचकीचा आणि तलासरीचा एक जुना संबंध आहे. १९४५ च्या मे महिन्यात झरी इथे वारल्यांची मोठी सभा झाली. तिथून वेठबिगारीविरुद्धचं बंड पेटलं. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने त्याला संघटनेचं रूप दिलं. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकिगत आहे. त्या वर्षी गवत कापणीच्या हंगामात मजुरांनी मागितलेला दर होता पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. पुढच्या वर्षी जंगलातल्या कामासाठी मागणी झाली रोजी सव्वा रुपयाची. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, त्यात पाच जण गेले. मजुरीचा दर हा त्या काळी रक्ताचा विषय होता, हे विसरून त्यावर उदाहरण सोडवणं मला बरं वाटत नाही. म्हणून हे आधी सांगितलं.

आता उदाहरण. पाचशे पौंडांना अडीच रुपये, म्हणजे एका पौंडाला ०.००५ रुपये. समजा एका मजुराने साडेतीनशे पौंड कापलं. मजुरी किती?

कागदाला हात लावायच्या आधी बोलून घेऊ. साडेतीनशे हे पाचशेच्या निम्म्याहून जास्त आहेत. अडीच रुपयांचं निम्मं सव्वा रुपया. तेव्हा उत्तर सव्वा रुपयाच्या वर आणि अडीचच्या खाली. एवढं ठरलं की अर्धी लढाई झाली. आता कागद घ्या. टिंब विसरून ५ × ३५० = १७५०. दशांश स्थळं तीन, सगळी ०.००५ मधली. उजवीकडून तीन स्थळं सोडली: १.७५०. शेवटचं शून्य आता टाकलं तरी चालेल. एक रुपया पंचाहत्तर, त्या काळचे एक रुपया बारा आणे. अंदाजात बसलं.

चूक कुठे होते ते बघा, कारण ती हुशार मुलांकडूनच होते. १७५० लिहिल्यावर मूल म्हणतं, शेवटचं शून्य काय करायचंय, टाका. राहिले १७५. आता तीन स्थळं मोजून टिंब दिलं: ०.१७५. मजुराच्या हातात तीन आणेही आले नाहीत. दोन्ही पायऱ्या शाळेत शिकवलेल्याच आहेत, शून्य टाकायचं ही आणि स्थळं मोजायची हीसुद्धा. फक्त आधीची नंतर आणि नंतरची आधी झाली. टिंब देईपर्यंत शून्याला हात लावायचा नाही, कारण तोवर ते शून्य एक स्थळ अडवून उभं असतं. टिंब बसलं की मग ते शोभेचं. नियम पाठ असलेला मुलगा इथे फसतो. ‘सव्वा ते अडीचच्या मधे’ म्हणालेला मुलगा ०.१७५ वर थांबतो आणि मागे वळतो.

टिंब मात्र तेव्हा हिशेबात नव्हतंच. ते आलं १ एप्रिल १९५७ ला, नव्या पैशाच्या रूपाने. रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि जुन्या आण्याची किंमत निघाली ६.२५ नये पैसे. सव्वासहा पैशांचं नाणं कुठून आणणार? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असं कोष्टक सरकारने ठरवून दिलं. एकेक आणा सुटा बदलला तर सोळा आण्यांचे शहाण्णवच पैसे येत. उरलेले चार हवेत. तीन आण्यांचे १८.७५ चे एकोणीस करताना ग्राहक पाव पैशाने वर आला, दोन आण्यांचे १२.५ चे बारा करताना अर्ध्या पैशाने खाली. देशभरच्या दुकानदारांनी दशांशाचा पहिला धडा असा घेतला. पुढच्या काळात शेर-मणही गेले आणि किलो-ग्रॅम आले. सवायकी-दिडकी शाळेतून मागे पडली आणि तिच्या जागी टिंब आलं. पण पाठांतराबरोबर अंदाजही गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही, असं माझं मत आहे.

योगायोग असा की त्याच १९५७ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं ग्राम बाल शिक्षा केंद्र कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरांमागे जाणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात गेली. त्या कुरणशाळेचं नाव पुढे देशभर झालं. मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, काड्या जे आसपास मिळे ते गणिताचं साहित्य झालं. दशांशाचा गुणाकार हा बालवाडीचा विषय नव्हे, आणि कोसबाडला तो शिकवत असं मी म्हणत नाही. पण मुलाला आधीच येत असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करायची, ही त्या दोघींची रीत याच तालुक्यात घडली. तिचा उपयोग सहावीच्या गणिताला न करणं हा करंटेपणा आहे.

आणि मुलांना येत असतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, लिंबं विकणाऱ्या मुलांचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास गाजला. टेरेझिना कॅराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गिऱ्हाईक बनून या मुलांना हिशेब विचारला. उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर. मग तेच आकडे कागदावर, ‘गुणाकार करा’ म्हणून दिले, तर बरोबर उत्तरं निम्म्याच्याही खाली आली. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतर संशोधकांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल असंच सांगितलं: बाजारातला अवघड हिशेब तोंडी बिनचूक, शाळेतलं साधं गणित अडलेलं. शाळेत जाणाऱ्या मुलांची गत उलटी, त्यांना बाजारात जमेना. आठवडे बाजारात आईशेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या तलासरीच्या मुलीला सव्वा किलोचे पैसे तोंडी येत असतील आणि वहीतला १.२५ × ३२ येत नसेल, तर तिला गणित येत नाही असं म्हणण्याआधी आपण काय विचारलं ते तपासावं. ती बत्तिसात आठ मिळवते आणि चाळीस म्हणते. हाच तो गुणाकार: एक पट बत्तीस आणि पाव पट आठ. वहीत ३२ × १२५ = ४००० करून दोन स्थळं सोडली की ४०.०० येतात. दोन्ही वाटा एकाच फळ्यावर शेजारी लिहिल्या की टिंबामागचं कोडं सुटतं.

टिंब देणारे पहिले कोण, याचंही उत्तर बाजारातच सापडतं. स्थानमूल्याची दशमान पद्धत आपल्या देशातली, पण एकाच्या खाली, दशांश-शतांशापर्यंत ती नेली दुसऱ्यांनी. दमास्कसच्या अल-उक्लिदिसीने इ. स. ९५२ च्या सुमाराला लिहिलेल्या ग्रंथात दशांश अपूर्णांक दिसतात. युरोपात त्यांचा प्रसार केला सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश अभियंत्याने, १५८५ मधल्या एका लहानशा पुस्तिकेने. ती त्याने पंडितांसाठी लिहिली नव्हती. जमीन मोजणारे, कापड मोजणारे, पिंपांचं माप काढणारे, व्यापारी यांना उद्देशून ती आहे. टिंबाऐवजी तो प्रत्येक आकड्यापुढे गोलात स्थळाचा क्रमांक लिहीत असे, इतकाच फरक.

जमीन मोजणाऱ्यांकडे परत येऊ. डहाणू-तलासरीतल्या अनेक घरांत आता २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा आहे. कायद्याने कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो, पण प्रत्यक्ष पट्टे बहुधा टिंबाच्या उजवीकडचे. समजा पट्टा ०.६५ हेक्टरचा आहे. बोलण्यात मात्र अजून एकर-गुंठाच चालतो. हेक्टरचे एकर सुमारे २.४७. तोंडी: अडीचच्या पाऊणपेक्षा कमी आणि निम्म्याहून जास्त, म्हणजे दीड-पावणेदोन एकर. कागदावर: ६५ × २४७ = १६०५५, स्थळं दोन आणि दोन चार, उत्तर १.६०५५ एकर. उरलेल्या ०.६०५५ ला चाळिसाने गुणलं की २४.२२. एक एकर चोवीस गुंठे.

मुंबई-वडोदरा महामार्ग आणि बुलेट ट्रेन या दोन्हींसाठी या तालुक्यांत जमिनी घेतल्या गेल्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला काढताना गुणाकारावर गुणाकार आहेत: क्षेत्र गुणिले बाजारभाव, ग्रामीण भागात त्याला एक ते दोनमधला गुणांक, आणि वर तितकीच रक्कम दिलासा म्हणून. उदाहरणापुरतं हेक्टरी चाळीस लाख धरा आणि जमीन साडेआठ आर, म्हणजे ०.०८५ हेक्टर. ४० × ०.०८५ = ३.४ लाख. टिंब एक घर सरकून ०.८५ झालं तर चौतीस लाख, उलट सरकून ०.००८५ झालं तर चौतीस हजार. पुढचे सगळे गुणाकार बिनचूक केले तरी ती चूक दुरुस्त होत नाही, उलट त्यांच्याबरोबर मोठी होत जाते. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरचाही इथे उपयोग नाही, तुम्ही ०.८५ दाबलंत तर तो इमानदारीत चौतीसच सांगणार. नोटीस हातात आली की आधी एवढंच म्हणावं: साडेआठ आर म्हणजे हेक्टरच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे गुणांक आणि दिलासा लागण्याआधीची मूळ रक्कम चार लाखांच्या आतली. मग आकडे बघावेत.

शेवटी वाचकासाठी थोडं काम. ६५ × २४७ = १६०५५ हे वर आलंच आहे. एवढ्यावरून, पुन्हा गुणाकार न करता, आधी तोंडी अंदाज सांगून मगच टिंब द्या: ६.५ × २४.७, ०.६५ × २४.७, ६.५ × ०.०२४७, ०.०६५ × ०.२४७. उत्तरं अनुक्रमे १६०.५५, १६.०५५, ०.१६०५५ आणि ०.०१६०५५. शेवटच्या दोन्हींत टिंबानंतर किंवा आधी शून्य लिहावं लागतं, कारण स्थळं पाच आणि सहा, अन् आकडे पाचच. तिथे अडलात तर मैदानातल्या फक्कीच्या चौकोनाचे आणखी दहा बाय दहा खाने पाडा. त्यातला एक खाना एक चौरस मीटरचा, हेक्टरचा दहा हजारावा भाग, ०.०००१.